वहीवरची शाई

मंगळवारी सकाळी आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुपारी तिला घरी आणलं. ती झोपल्यावर मी तिच्या कवितांच्या वहीवर पेन चालवलं.

आत्या ओझरच्या कारखान्यात ट्रेसर होती. पेन्सिलीने काढलेल्या आकृतीवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि ती शाईने गिरवायची, हे तिचं आयुष्यभराचं काम. आकृती तपासणाऱ्याची बरोबरची खूण कोपऱ्यात पडल्याशिवाय तिथे कोणी शाईला हात लावत नसे. निवृत्त झाल्यावर ती गंगापूर रोडला माझ्याकडे राहायला आली आणि हळूहळू तिने बाहेर पडणं सोडलं. कविता ती पेन्सिलीने लिहायची, एकाच वहीत. रोज सकाळी काही ओळी खोडायच्या आणि त्याच जागी दुसऱ्या लिहायच्या. छापायला तिने एकही दिली नाही. एका दिवाळी अंकाचे संपादक एकदा दाराशी आले, तेव्हा ती गावाला गेली आहे असं तिने मला सांगायला लावलं. ते जिना उतरेपर्यंत ती स्वयंपाकाच्या ओट्यापासून हलली नाही.

कविता ऐकणारी एकच बाई होती, मखमलाबादच्या मळ्यातून फुलं आणि भाजी घेऊन येणारी. ती उंबऱ्यावर टेकायची आणि आत्या वाचून दाखवायची.

"ताई, कालचंच बरं होतं," ती एकदा म्हणाली. "लय खुडता तुम्ही. झाडाला काय ठेवता का नाय?"

"तू गुलाब छाटतेस तेव्हा मी येते का विचारायला?" आत्या म्हणाली आणि दोघी हसल्या.

पुढे आत्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू वाढला. दुसरा डोळा आधीच गेलेला. तरी खोडणं थांबलं नाही. खोडरबर चुकीच्या ओळीवर फिरायचा, नवी ओळ जुनीवर चढायची. मी पान बघायची तर तिथे नुसता करडा डाग. आणखी चार महिन्यांत वही कोरी होईल, या भीतीने मला वर्गात शिकवतानाही काही सुचत नसे.

म्हणून मी शाई घेतली.

डॉक्टरांनी तिला काही दिवस वाचायला मनाई केली होती. ती काळा चष्मा लावून खिडकीपाशी बसायची आणि मी त्याच खोलीत, जेवणाच्या टेबलावर, तिचं अक्षर गिरवायची.

"काय लिहितेस गं इतकं?" तिने विचारलं.

"पोरींचे पेपर तपासतेय."

"सगळ्यांना नापास करू नकोस."

मी हसले. पुढची ओळ गिरवायला घेतली. जिथे पेन्सिल उमटतच नव्हती, तिथे मी अंदाजाने शब्द भरले. सुरुवातीला एखादाच. नंतर कुठे कुठे अर्धी ओळ.

वही पुरी झाली आणि मग खरी भीती सुरू झाली. दिवसातून चार वेळा तिच्या डोळ्यात थेंब घालावे लागत. तो उघडा डोळा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असे आणि रोज थोडा अधिक स्वच्छ दिसे. एक दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख तिला वाचता आली. वही लपवावी असं एकदा वाटलं. पण ती कुठे असते हे तिला अंधारातही ठाऊक होतं.

चष्मा निघाला त्या सकाळी तिने वही मागितली. मी दिली आणि चहा ठेवायला गेले. चहा उकळून आटला. पानं उलटल्याचा आवाज मधूनमधून येत होता, मग तोही थांबला.

"तपासलं कोणी?" तिने आतूनच विचारलं.

मी दारात जाऊन उभी राहिले. कोणीच नाही, असं म्हणाले. कुठे कुठे शब्द माझे आहेत, हेही सांगायचं होतं. ते सांगितलं नाही.

ती रागावली नाही. तिने ब्लेड मागितलं. चुकलेली शाई कारखान्यात ब्लेडने खरवडून काढत, हे मी तिच्याकडूनच ऐकलं होतं.

त्या दिवसापासून दुपारी ब्लेडचा आवाज सुरू झाला, उंदराने कागद कुरतडावा तसा. वहीचा कागद पातळ होता. तो फाटायचा, ओळीच्या जागी भोक पडायचं. मी शाळेतून येताना जिन्यातच थांबून कानोसा घ्यायची. मळ्यातली बाई आली तर आत्या तिला आता काही वाचून दाखवत नसे. फुलं घ्यायची आणि दार लोटून घ्यायची. मी चोरून काही पानांचे फोटो काढावेत असं मनात आलं, पण पुन्हा तिच्या वहीला हात लावायची हिंमत झाली नाही.

पौषात एका सकाळी ती खुर्चीतच गेली. ब्लेड कागदात गुंडाळून टेबलावर ठेवलेलं होतं.

ती गेल्याचं कळल्यावर त्याच संपादकांचा फोन आला. जे असेल ते द्या, म्हणाले. मी अजून काही कळवलेलं नाही.

वही माझ्या कपाटात आहे. अकरा कविता शिल्लक आहेत. सात कवितांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तिची बरोबरची खूण आहे. उरलेल्या चार कवितांना खूण नाही आणि ब्लेडही लागलेलं नाही. त्या तपासायच्या राहिल्या की तिने तशाच ठेवल्या, हे मला ठरवता येत नाही.