फास्टिंगची खिचडी आणि भिंतीवरच्या टिकल्या

"आंटीजी, शुगर है आपको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी हसले.

खरंच हसले. मला वाटलं, यांना काय ठाऊक आतली गोष्ट! मी म्हटलं, "नहीं नहीं, डॉक्टर साहब, वो तो खिचड़ी की वजह से आ गया होगा."

"कौन सी खिचड़ी?"

त्याचं असं झालं. आदल्या दिवशी लॅबमधल्या मुलीने फोनवर सांगितलं होतं, "आंटीजी, कल फास्टिंग आना है." आता फास्ट म्हणजे उपवास, हे आमच्या घरात मांजरालासुद्धा कळतं. सकाळी उठून साबुदाण्याची खिचडी केली. दाण्याचं कूट सढळ हाताने, बटाटा, वरून फराळी मिक्सचर. अहो, इंदूरची बाई मी, वरून काही भुरभुरल्याशिवाय घास उतरत नाही. पोटभर खाल्ली आणि लॅबमध्ये जाऊन हात पुढे केला. त्या मुलीने विचारलं, "कुछ खाया तो नहीं?" मी म्हटलं, "उपवास है, बेटा." दोघींचंही समाधान झालं.

डॉक्टरीणबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग रिपोर्टातल्या खालच्या एका ओळीवर त्यांनी पेन टेकवलं. "ये देखिए. एचबीएवनसी. इसको आज की खिचड़ी से कोई मतलब नहीं."

हे एचबीएवनसी म्हणजे काय, ते तुम्हालाही सांगते. रक्तातली साखर गेल्या दोन-तीन महिन्यांत सरासरी किती राहिली, ते त्यात दिसतं. एका सकाळी उपाशी राहून त्याला फसवता येत नाही आणि एका सकाळच्या खिचडीने ते बिघडतही नाही. साडेसहाच्या वर गेलं की डायबिटीस म्हणतात. माझं नवाच्या वर होतं.

मग माझं हसू थांबलं.

खरं तर मी गेले होते खांद्यासाठी. उजवा हात वर जाईना. आधी वेणी घालताना दुखायचा, मग अंबाडा बांधणंच सुटलं. मी शिवणाचे क्लास घेते, तर वाटलं मशीनवर वाकून भरला असेल. बाम चोळला, शेकलं, आणि चालू ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा फ्रोझन शोल्डर. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवीसारखं आवरण असतं. ते सुजतं, आखडतं आणि सांधा जाम होतो. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं ना, तसं. शुगर असलेल्यांना हे जास्त होतं म्हणे. म्हणजे खांदा केव्हाचा ओरडून सांगत होता, मी मात्र त्याला बाम लावून गप्प करत होते.

"ठीक होने में साल भर भी लग सकता है," त्या म्हणाल्या.

साल भर! आणि माझी शलाका, माझी थोरली, पुण्याला असते, तिला तिसरा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिच्या लग्नापासून ठरलेलं. मी डॉक्टरांना तसं सांगितलं. त्यांनी टेबलावरची पाण्याची भरलेली बाटली माझ्यापुढे सरकवली. "ज़रा ये उठाके मेरे कंधे तक लाइए." बाटली छातीशीही आली नाही. त्यांनी ती परत घेतली. बाळ कसं उचलणार होते मी?

घरी आले. ह्यांना सांगितलं. आमच्या ह्यांचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते, आणि ती गोष्ट हे कुठेही जोडतात. म्हणाले, "पागा गेली, घोडे गेले, आमच्या घरात खुराक तेवढा राहिला." मला रडू येत होतं, त्यातही हसू आलं. मग हळूच म्हणाले, "एकादशी आणि दुप्पट खाशी. बघ, म्हण उगाच नाही पडली."

संध्याकाळी शलाकाचा फोन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, मग मी पुण्यातच राहते. सासूबाई आहेत, बाई लावू. तू आराम कर."

किती प्रेमाने म्हणाली पोरगी! पण मला ते असं लागलं, की अजून आठवतं. आराम कर म्हणजे, आई, तू आता उपयोगाची नाहीस. ती तसं म्हणाली नव्हती, मीच तसं ऐकलं. मी म्हटलं, "सातव्या महिन्यापर्यंत तिकीट काढू नकोस आणि नाही पण म्हणू नकोस."

आता बायांनो, इथे जरा नीट ऐका. मला वाटायचं, आईला कसला आलाय वेगळा व्यायाम? पहाटेपासून उभीच असते मी. दोन डबे, चहाच्या फेऱ्या, क्लासच्या मुली, धाकट्याची धुणी. बसायला फुरसत नाही म्हणजे फिट असणारच! हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आंटीजी, घर का काम थकाता है. शरीर को थकाना और शरीर को मज़बूत करना, ये दो अलग बातें हैं." दिवसभर दमलेली मी सलग पाऊण तास चालले कधी होते? आठवेना. घासही मी बसून कमी आणि ओट्याशी उभ्याने जास्त खायचे. पातेल्याला लागलेला भात, कुणाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी. ते जेवणात धरतच नव्हते मी.

गोळ्या सुरू झाल्या. पोहे राहिले, वाटी लहान झाली, शेव चिमटीवर आली आणि जलेबी फक्त दुसऱ्यांच्या बशीत. चतुर्थीला साबुदाण्याऐवजी वरण, भाजी आणि एक पोळी. खजरान्याच्या गणपतीला सांगून आले, "बाप्पा, राग मानू नकोस, खांदा मोकळा झाला की लाडू चढवीन." हे म्हणाले, "लाडू बोललीस, पण खाणार कोण?"

खांद्यासाठी फिजिओथेरपी, म्हणजे औषधाने नाही, व्यायामाने सांधा मोकळा करायचा. तिथली मुलगी नाशिककडची, नोकरीसाठी नवीनच इंदूरला आलेली. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, "हात उठत नाही गं."

"झोपलाय का काकू, उठायला?" ती म्हणाली. "आमच्याकडे हात वर जातो. उठतात ती माणसं."

"तर मग आमच्या इंदुरात हातपण उठतो. तू उठव त्याला."

तिने उठवला! आई गं! पहिले दिवस मी ओठ चावत बसायचे. ती घरचा व्यायाम द्यायची: भिंतीशी उभं राहायचं आणि बोटांनी भिंतीवर हळूहळू चढायचं, मुंगीसारखं. जिथे थांबलं तिथे खूण करायची. "पेन्सिलने करा," ती म्हणाली. स्वयंपाकघरात पेन्सिल कुठली सापडायला! मी कपाळावरची टिकली काढली आणि भिंतीला लावली. नाहीतरी आरशावर लावतोच ना आपण.

पहिली टिकली माझ्या छातीच्या उंचीला. शलाकाला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आई, हे काय?" मी लिहिलं, "तुझ्या तिकिटाची सोय."

मग टिकल्या चढू लागल्या. खांद्याच्या वर, हनुवटीला, नाकाला. हे भिंतीकडे बघून म्हणाले, "भिंतीला गोवर आलाय." संध्याकाळी मी कॉलनीच्या बगीच्यात चालायला जायचे. आधी बाकाबाकावर बसत, मग एकाच बाकावर, मग बाक विसरूनच.

आणि एकदा सगळं अडलं. टिकली डोळ्यांच्या रेषेला आली आणि तिथून हलेचना. पुढची लावली तरी तिथेच, तिच्या शेजारी. आडवी रांग झाली टिकल्यांची. शलाकाला सहावा सरत आलेला. मी फिजिओच्या मुलीपुढे रडले, म्हटलं, "नाही होत, सोड." ती म्हणाली, "काकू, खांदा असाच सुटतो. बरेच दिवस काहीच नाही, आणि मग एकदम. पण करणं थांबवलंत तर मग खरंच नाही." बोलता बोलता तिचा हात चालूच होता, ते वेगळं.

शेजारच्या बाईंची तक्रार ऐकत एका सकाळी मी बोलता बोलता वरच्या फळीवरचा चहापत्तीचा डबा काढला. उजव्या हाताने. डबा खाली ठेवला आणि मग लक्षात आलं. त्या बाई बोलतच होत्या; मी त्यांना तिथेच सोडून भिंतीशी धावले. टिकली फळीच्याही वर लागली! फोटो गेला. शलाकाने उत्तर नाही दिलं, तिकीट पाठवलं.

परत रक्त द्यायला गेले तेव्हा लॅबमधल्या मुलीने बघताच विचारलं, "आंटीजी, आज उपवास?" मी म्हटलं, "नहीं बेटा, आज फास्टिंग. पानी छोड़के कुछ नहीं." एचबीएवनसी साताच्या खाली आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी उठून हात मिळवला. उजवाच दिला मी, मुद्दाम, चांगला उंच.

नात झाली. नर्स म्हणाली, "नानीजी कहाँ हैं?" आणि मऊ गाठोडं माझ्या हातात दिलं. मी ते उचलून खांद्याशी धरलं. त्याच खांद्याशी. अंघोळी मी घातल्या, पाय पसरून, तेल लावून, ठणठणीत. बाप्पाला लाडू चढले. प्रसादाचा एक तुकडा मी खाल्ला, आणि चिमटीएवढाच खाल्ला.

तुमच्यापैकी कुणाचा हात अडत असेल, तर बाम लावत बसू नका, दाखवा. आणि डॉक्टरांच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. लॅबवाले फास्टिंग म्हणाले की उपाशी जा हो, उपवासाला नको.

परवाची गोष्ट. बाळ दोन महिन्यांचं झालंय. डॉक्टरीणबाईंनी शलाकाला चालायला सांगितलंय. ती पलंगावर वाकून बसलेली, हातात माझ्या ताटातली उरलेली अर्धी पोळी. म्हणाली, "आई, मला वेळ कुठे आहे?"

माझंच वाक्य. माझ्याच पोरीच्या तोंडी.

मी तिच्या हातातली पोळी काढून घेतली, बाळ उचलून डाव्या खांद्यावर टाकलं आणि दार उघडलं. "जा. बगीच्यातून फिरून ये. मी आहे."

ती चपला शोधत राहिली तोवर मी बाळाला घेऊन भिंतीशी गेले. बाळ टिकल्यांकडे टकमक बघत होतं. सगळ्यात वरच्या टिकलीपर्यंत उजवा हात नेला, तरी डाव्या खांद्यावरचं गाठोडं हललं नाही.