कच्च्या ज्वारीचे चार दिवस

माणसाचा माणूस कशाने झाला, हे भाकरीचा तुकडा मोडताना तुम्ही कधी स्वतःला विचारले आहे का? भाजल्या हुरड्याचा वास आला की मला पेडगावच्या शिवारातली ती हिवाळी दुपार आठवते. निजामी राजवट जाऊन दोनच वर्षे झाली होती, आणि एक पत्रक वाचून मी ठरवले होते की आता चुलीची राजवटही घालवायची. आदिमानव कच्चे खात होता, म्हणूनच तो स्वतंत्र होता, असे भाषण मी संध्याकाळी गावच्या पारावर करणार होतो. बोलावे तसे वागावे म्हणून चार दिवस नुसती भिजवलेली ज्वारी चावत होतो. जबडा ठणकत होता, पोट गुरगुरत होते. वाटेत एका धनगर म्हातारीने मेंढ्या खतासाठी रानात बसवल्या होत्या आणि ती स्वतः ज्वारीची कणसे भाजत होती. तालीम म्हणून मी तिलाच भाषण ऐकवू लागलो, पण तोंडातली ज्वारी काही संपेना. रवंथ करणाऱ्या मेंढ्यांकडे बोट दाखवून ती म्हणाली, "आरं लेकरा, ही बी कच्चंच खातेत, म्हणून दिसभर चघळायलेत. तू बी असाच चघळीत बसलास, तर भाषण कवा करणार?" तिने गरम कणीस तळहातावर चोळून हुरडा माझ्या ओंजळीत टाकला, आणि तो चार घासांत पोटात गेला. त्या संध्याकाळी पारावर मी तासभर बोललो, पण चुलीच्या बाजूने. पत्रके आता मीही लिहितो, म्हणून एवढी विनंती: भाकरीविरुद्ध बोलायला कुणी तुमच्या दारी आला, तर वाद घालू नका, आधी त्याला पोटभर जेवू घाला.