दूरच्या देशांचे आराखडे

ऑफिसात चार जण रोज एकत्र डबा खायला बसले की किस्से साठतातच. आमच्याकडं जरा जास्त साठले, कारण आमचं कामच असं की ऐकणाऱ्याला पहिल्यांदा पटत नाही. उस्मानपुऱ्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसून आम्ही दूरदूरच्या गरीब देशांसाठी आराखडे करतो. देश पुढं जावा, लोकांना कामं मिळावीत, पण धूर कमी निघावा, असे. आमचे प्रमुख जोगदंड सर मूळचे पाचोडचे. माझ्या मावशीनं त्यांना एकदा विचारलं, "म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?"

सर म्हणाले, "आपण केल्या त्या चुका तुम्ही करू नका, एवढंच सांगतो."

"ऐकतंय का कुणी?" मावशी म्हणाली.

सर हसले.

*

बेटांच्या एका देशाबरोबर ऑनलाइन मीटिंग होती. विषय असा की डिझेलवरची वीज बंद करून सौरऊर्जेवर कसं यायचं. मी स्लाइड दाखवत बोलत होतो, तेवढ्यात लाइट गेली आणि खालच्या दवाखान्याचा जनरेटर धडधडायला लागला. मी ओशाळून माफी मागितली.

तिकडचे अधिकारी म्हणाले, "कशाबद्दल?"

"हा जनरेटरचा आवाज येतोय ना, त्याबद्दल."

"तो तुमचा आहे होय? आम्हाला वाटलं आमचाच."

*

एका देशाच्या आराखड्यात आम्ही फार जीव ओतला होता. तो पूर्ण झाला आणि तिथलं सरकार बदललं. नव्या मंत्र्यांच्या ऑफिसातून फोन आला, "आराखडा उत्तम आहे. फक्त मुखपृष्ठ आमच्या पक्षाच्या रंगाचं करा." करून दिलं. पुढं तेही सरकार पडलं. पुन्हा फोन, पुन्हा वेगळा रंग.

सर म्हणाले, "आपण आराखडे नाय करत, उशांचे अभ्रे शिवतो."

आम्ही हसलो. आमच्यातल्या नसरीन आपा हसल्या नाहीत. त्या आराखड्यातलं चुलीच्या धुरावरचं प्रकरण त्यांनी लिहिलं होतं. त्या डबा बंद करत म्हणाल्या, "तिथं बायका अजून फुंकतच असतील."

*

त्याच सुमारास आफ्रिकेतल्या एका देशाच्या ऊर्जा खात्यातल्या ग्रेस मॅडम आमच्याकडं आल्या होत्या. सगळं काम उरकल्यावर त्यांना अजिंठ्याला नेलं. लेण्यातला काळोख बघून त्यांनी विचारलं, "इथं चित्रं काढताना उजेड कुठून आणला असेल?" गाइडनं सांगितलं, बाहेरचं ऊन पांढऱ्या कापडावरून आणि पाण्यावरून आत परतवत असतील, असं म्हणतात. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "धूर अजिबात नाही!"

मग गाइडनं पुढची हकिकत सांगितली. ही लेणी पुढं शेकडो वर्षं झाडोऱ्यात विसरली गेली, आणि मग शिकारीला आलेल्या एका साहेबाला अवचित दिसली.

परतीच्या वाटेवर फर्दापूर फाट्याला चहाला थांबलो. मॅडम कप हातात धरून लेण्यांच्या डोंगराकडं बघत होत्या. मी विचारलं, "दमलात का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "विचार करतेय, आपल्या आराखड्यावर अशी एखाद्या शिकाऱ्याची नजर कधी पडेल."

*

नसरीन आपांच्या अब्बांचं शहागंजला रिक्षादुरुस्तीचं गॅरेज होतं. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारा माणूस, असं त्यांचं नाव. आपा ऑफिसात एका देशासाठी सगळ्या रिक्षा बॅटरीवर आणायचा आराखडा करत होत्या. घरी गेल्यावर अब्बा कौतुकानं विचारायचे, त्या समजावून सांगायच्या. अब्बा मान डोलवायचे, "अच्छा है. लोगां की साँस तो बचेगी."

आपल्या शहरात बॅटरीच्या रिक्षा वाढल्या, तसं अब्बांचं गिऱ्हाईक कमी होत गेलं. तक्रार त्यांनी कधी केली नाही. एका दुपारी त्यांनी शटर ओढलं, अवजारं पेटीत भरली आणि घरी आले. आपा तेव्हा घरीच होत्या. त्यांनी पाणी दिलं. अब्बा पाणी प्याले आणि शांतपणे म्हणाले, "बेटी, मैं तो समझा था, तू दूर के मुल्क का लिख रही है."

आपा दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या. ही हकिकत सांगितली आणि कॉम्प्युटर चालू करून कामाला लागल्या.

*

हा शेवटचा किस्सा जोगदंड सरांचा. त्यांनी एकदाच सांगितला. पुन्हा सांगा म्हणायची हिंमत आम्हाला झाली नाही.

आफ्रिकेतल्या एका कोरड्या मुलखात लोक झाडं तोडून कोळसा करतात आणि शहरात विकतात. आराखड्यात त्या भट्ट्या हळूहळू बंद करायच्या होत्या. ते समजावायला सर तिथल्या एका गावात गेले, झाडाखाली सभा भरली. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "भट्टी विझवल्यावर आम्ही करायचं काय?"

सर म्हणाले, "पर्यायी उपजीविका."

दुभाषी घुटमळला. "साहेब, आमच्या भाषेत असा शब्द नाही. एखादं काम सांगा, म्हणजे मला बोलता येईल."

नुकतंच जेवण झालं होतं, ताटात शहरातून आणलेला मासा होता. सर म्हणाले, "सांगा, उदाहरणार्थ, तळ्यात मासे पाळणं."

दुभाष्यानं सांगितलं. त्यातलं 'उदाहरणार्थ' त्यानं सांगितलं की नाही, ते सरांना कळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बऱ्याच काळानं सर पुन्हा त्या भागात गेले, तेव्हा वाट वाकडी करून त्या गावात थांबले. भट्ट्या विझलेल्या होत्या. सरांना आधी बरंच वाटलं. तेवढ्यात त्याच बाई पुढं आल्या आणि हाताला धरून त्यांना गावामागं घेऊन गेल्या. तिथं मुरमाड जमिनीत एकाशेजारी एक तळी खणलेली. कडा नीट चोपलेल्या, आत उतरायला पायऱ्यासुद्धा. सगळी ठणठणीत कोरडी. आसपास ओढा नाही, विहीर नाही.

बाई दुभाष्याशी काहीतरी बोलल्या. त्यानं खाली मान घालून सांगितलं,

"त्या विचारतायत, आमच्या वाट्याचं काम झालंय. पाणी तुम्ही कधी आणताय?"