दोंडाईच्याची वावटळ

शहाऐंशीच्या मे महिन्यात मी दापोली सोडली ती वावटळ बघायला. बारा वर्षं भूगोल शिकवत होतो, पण फळ्यावर काढलेली सोडली तर एकही वावटळ पाहिली नव्हती. शाळेतले पाटील सर खान्देशातले. म्हणाले, "आमच्या गच्चीवर बसा, दुपारी हमखास येते."

जळगावला गाडी बदलून पॅसेंजरने दोंडाईच्याला उतरलो. फलाटाचे चटके चपलेतून बसत होते. पाटलांच्या आईंनी, अक्कांनी, शेवभाजी वाढली. मला ठसका लागल्यावर तांब्या पुढे केला, पण हसू काही लपवलं नाही.

आखाजीला (अक्षयतृतीयेला) माहेरी आलेली त्यांची लेक दुसऱ्या दिवशी सासरी निघणार होती. तिच्यासोबत द्यायचे बिबडे (ज्वारीचे पापड) गच्चीवर धोतरावर वाळत होते. अक्कांनी मला राखणीला बसवलं. मला आयतीच जागा मिळाली.

बसल्याबसल्या मी त्यांना शिकवू लागलो. इथे सपाट जमीन तव्यासारखी तापते, तिच्यालगतची हवा झपाट्याने वर जाते, बाजूची आत घुसते आणि गरगरू लागते. आमच्याकडे समुद्राचा गार वारा जमीन एवढी तापूच देत नाही, मातीत ओल असते, शिवाय डोंगर आणि झाडी वाऱ्याला आडवी येतात. म्हणून वावटळ क्वचित, आणि घरंदारं उडवणारा मोठा चंडवात तर औषधालाही नाही.

अक्का म्हणाल्या, "मंग तुम्हना गावले बिबडा राखाले मानूस लागत नही." आणि खाली गेल्या.

तासाभराने नांगरलेल्या शेतातून ती आली. धुळीचा उंच खांब, आत पाचोळा गरगरतोय. बिबडे झाकायचे सोडून मी ती उजवीकडून फिरते की डावीकडून, हे बघत उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता. ती गच्चीवरून गेली तेव्हा धोतर रिकामं होतं.

अक्का वर आल्या. कडुलिंबावर, कुंपणावर, शेजारच्या गोठ्यात बिबडे पसरले होते. त्या एवढंच म्हणाल्या, "देखी लिधं ना भाऊ, मनभर?" (मनसोक्त पाहून घेतलंत ना?)

मान वर करायची सोय उरली नाही. संध्याकाळी आळीतल्या बायकांनी आपापल्या डब्यांतले बिबडे आणून दिले आणि लेकीचं गाठोडं भरलं. कुंपणावरून वेचलेले अक्कांनी माझ्या पिशवीत घातले. "ह्या तुम्हना वाटाना," (हे तुमच्या वाट्याचे) म्हणाल्या.

दापोलीला बायकोने ते तळले. पहिल्याच घासाला दाताखाली माती आली, म्हणून मी तिला सगळी हकिकत सांगितली, उष्ण हवेपासून सह्याद्रीपर्यंत.

तिने विचारलं, "म्हणजे त्या बाईंच्या लेकीचे बिबडे उडत होते आणि तुम्ही बघत उभे होतात?"

ताटातले सगळे बिबडे मी एकट्यानेच संपवले, कचकच करत.