रग्बी म्हणजे भरतीची तयारी

रग्बी खेळणाऱ्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. कुणी 'काय करतोस?' असं विचारलं आणि आपण खरं सांगितलं, की झाला किस्सा तयार! त्यातून माणूस देवणी तालुक्यातला असेल तर विचारूच नका. संघाच्या बसमध्ये आम्ही पोरं एकमेकांना हेच ऐकवत असतो. दर खेपेला मीठ-मसाला थोडा वाढतो, पण खाली जे सांगतोय त्यात मसाला नाही. गरजच पडली नाही.

*

मी मूळचा कबड्डीवाला. लातूरला कॉलेजात असताना पुण्याहून एक कोच आले. त्यांनी मला वरून खाली नीट पाहिलं आणि विचारलं, "वजन किती?"

मी लाजत लाजत सांगितलं. कोचचा चेहरा खुलला! माझं वजन ऐकून आनंद झालेला हा आयुष्यातला पहिलाच माणूस. अशा माणसामागे कुणीही गेलं असतं, मीही गेलो.

घरी येऊन आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खेळ समजावून सांगितला. आप्पांकडे थोडी शेती आहे, देवणी जातीची जनावरं आहेत आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर एक शंका आहे.

"चेंडू घेऊन पुढं पळायचं आप्पा, पण हातानं पुढं फेकायचा नाही. द्यायचा तो मागच्याला."

आप्पांनी बराच विचार केला. "म्हंजे आपुन पुढं पळायचं, आन् काम मागच्यावर ढकलायचं?"

"हाव. तसंच काहीतरी."

"मग तालुक्याच्या हापिसात चिकट की! तिथं बी हेच चालतंय. वर पगार हाय."

*

पुढं पगारही सुरू झाला. एका लीगमधल्या संघानं माझ्याशी करार केला. मी कराराचा कागद घेऊन पळत घरी.

"खेळायचा पगार देत्यात?" आप्पा म्हणाले.

"हाव."

"आन् हरलाव तर?"

"तरी देतात."

आप्पांनी कागद माझ्या हातात परत ठेवला. "फसवणूक दिसतीय. सही करू नको."

मी सही केली. पण आमच्या घरात 'नोकरी' या शब्दाला एक ठरलेला अर्थ आहे, आणि तो शेजारच्या मन्मथनं अडवून ठेवलाय. मन्मथ सरकारी कार्यालयात शिपाई. तो अकरा वाजता निवांत निघतो, मध्ये चहा, मग जेवण, आणि चारला घरी. तो निघाला की आप्पा आदरानं म्हणतात, "मन्मथ ड्यूटीवर गेला."

मी पहाटे उठतो, दिवसभर माणसांना धडका देतो आणि लंगडत दारात येतो. आप्पा आईला सांगतात, "आला बघ खेळून!"

आणि कुणी विचारलं, "आप्पा, थोरला संगमेश काय करतो?" की ठरलेलं उत्तर, "भरतीची तयारी करायलाय." माझं पोलीस भरतीचं वय कधीच उलटून गेलं. तयारी अजून चालू आहे!

आता हसून सांगतोय, पण ते वाक्य दर वेळी लागायचं. मला आप्पांकडून हार-तुरे नको होते. चारचौघांत माझ्या कामाला त्यांनी काम म्हणावं, एवढीच इच्छा होती.

*

तसं आप्पांना तरी एकट्याला काय म्हणायचं! लातूरच्या मैदानावर सकाळी पळणारा प्रत्येक माणूस भरतीचाच असतो. एकदा एक पोरगा माझ्या बरोबरीनं पळत आला.

"दादा, कुठल्या जिल्ह्याचा फॉर्म भरलाव?"

"मी भरतीचा नाही रे. मी रग्बी खेळतो. प्रोफेशनल."

त्यानं सहानुभूतीनं माझ्याकडे पाहिलं. "मग ग्राउंड तर निघंल तुमचं. लेखीचं तेवढं बघा."

*

कोचना वाटलं, खेळाचा प्रचार करावा. म्हणून कंधारला प्रदर्शनीय सामना ठेवला. गर्दी झकास! पहिली दहा मिनिटं लोक शांतपणे बघत होते. मग स्क्रम आला. म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून, एकमेकांच्या खांद्यात डोकी घालून रेटायला लागतात.

आम्ही डोकी घातली मात्र, अर्धं कंधार मैदानात! "सोडा! सोडा रे! आवरा त्याला!" चारजणांनी मला कमरेला धरून मागं ओढलं. एक आजोबा आमच्या मध्ये उभं राहून दोन्हीकडं हात जोडत होते. रेफरी बिचारा जीव तोडून शिट्टी वाजवत होता, तर एकजण त्याच्यावरच खेकसला, "नुसत्या शिट्ट्या काय वाजवायलाव? हात घाला की!"

मला बाजूला नेऊन एकानं पाणी पाजलं आणि हळूच सांगितलं, "तुमचं कायबी चुकलं न्हाई. म्या पाह्यलो. त्यानंच आधी डोकं घातलं."

मग दोन्ही संघांना एकमेकांच्या हातात हात द्यायला लावला, चहा पाजला आणि सामना संपला. गाव तंटामुक्त आहे, हे आम्हाला नंतर कळलं.

आप्पा हसतील म्हणून घरी साग्रसंगीत सांगितलं. आप्पा गंभीर. "मग? चांगली माणसं हायती. आमी असताव तर आमी बी सोडवलं असतं."

*

नांदेडला सराव करताना माझा खांदा निखळला. धडक मारणारा सतपालसिंग, माझा संघातला सगळ्यात जवळचा दोस्त. तोच मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कशानं झालं?"

मी कळवळत म्हणालो, "यानं मारलं."

बाईंनी फोन उचलला. थोड्या वेळानं हवालदार हजर! ते इस्लापूरकडचे, फार मायाळू. सतपालसिंग माझ्या उशाशी बसून मला केळं सोलून देत होता, आणि हवालदार त्याच्याकडे बोट दाखवून विचारत होते, "आरोपी हाच ना? घाबरू नको. मी बसून राहिलो इथं. तक्रार देतो का?"

"नाही हो साहेब. उद्या याच्याबरोबरच..."

"धमकी दिली का त्यानं?"

हे दोन-तीन तास चाललं, तोवर फोन मिळताच निघालेले आप्पा देवणीहून पोचले. त्यांनी सगळं ऐकलं आणि हवालदाराला शांतपणे सांगितलं, "कायबी न्हाई सायेब. भरतीची तयारी करताना पडलाय."

हवालदारांचा चेहरा एकदम उजळला. "असं का! मंग आपलाच माणूस!" पुढचा अर्धा तास ते मला गोळाफेक शिकवत होते. माझा उजवा हात गळ्यात बांधलेला होता.

*

उदगीरला मुलगी बघायला गेलो. मुलीच्या वडिलांचं कापडाचं दुकान. त्यांची नजर माझ्या डाव्या कानावरून हलेना. स्क्रममध्ये घासून घासून आमचे कान सुजतात आणि तसेच राहतात. माझा तर दुमडलेल्या पुरीसारखा झालाय.

कानाकडं बघतच त्यांनी विचारलं, "पर्मनंट हाय का?"

"हो, आता असाच राहणार."

"कान न्हाई हो. नोकरी!"

नोकरी एका सीझनची होती. उलटं असतं तर लग्न जमलं असतं! आप्पांनी मदतीला धावून जात सांगितलं, "भरतीची तयारी बी चालू हाय."

"मग भरती झाली की या," ते म्हणाले, आणि आम्ही पोहे अर्धे ठेवून उठलो.

*

माझ्या प्रोटीन पावडरचा डबा भलताच लवकर रिकामा व्हायला लागला. संघाच्या डाएटिशियन मॅडम फोनवर ओरडायच्या, "तुमचं वजन वाढत का नाही?"

त्या साली देवणीच्या पशुप्रदर्शनात आमच्या गोऱ्ह्याचा पहिला नंबर आला. काय ते वशिंड, काय ती मांड! आप्पांना पटका बांधला. कुणीतरी विचारलं, "आप्पा, खुराक काय देताव?"

"घरात एक डबा हाय," आप्पा म्हणाले. "मोठाच्या मोठा. त्यावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र हाय. ती भुकटी पेंडीत कालवून देताव." मग माईक जवळ ओढून म्हणाले, "पोटच्या पोरावानी वाढवलाय!"

पोटचं पोर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतं.

*

गेल्या सीझनला लीगवाल्यांनी एक सामना लातूरला ठेवला. मी घरी सांगितलं, पण आग्रह केला नाही. आप्पांनी माझा एकही सामना आजवर पाहिला नव्हता. म्हणाले, "बघू. लातूरला आडतीवर काम निघालं तर येताव."

सामन्याच्या दिवशी दोन क्रुझर भरून गाव आलं. मन्मथ चक्क रजा टाकून आलेला! आप्पा मधोमध, पशुप्रदर्शनातला पटका बांधून. आडत त्या दिवशी बंद होती, हे मला माहीत होतं. मी त्या दिशेला बघायचंच टाळलं, नाहीतर हातातला चेंडू सुटला असता.

शेवटची पाच मिनिटं राहिली होती. आम्ही थोडक्यात पुढं. चेंडू माझ्याकडं आला, मी डोकं खाली घालून घुसलो आणि कोसळलो. माझ्यावर सतपालसिंग, सतपालसिंगवर दोघं, मग पाच-सहा जण. तोंडात गवत, डोळ्यांपुढं अंधार. दिसत काहीच नव्हतं, नुसते आवाज येत होते.

आधी खुर्च्या पडल्याचा आवाज आला. मग मन्मथची आरोळी, "आप्पाऽऽ! संगमेशला तुडवायलेत! उठा रे, चला, सोडवू!" आमचं अख्खं गाव उठलेलं होतं, हे मला खाली पडल्या पडल्या कळलं. आता काही खरं नाही, कंधार झालं, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

आणि आप्पांचा आवाज आला. ओढ्यापलीकडं चरणाऱ्या बैलाला ऐकू जातो, तो आवाज.

"बसा खाली सगळे! भांडण न्हाई त्ये. ड्यूटीवर हाय माझं पोरगं!"