माझ्या आवडीनिवडी गावभर

माझ्या संसारात एकाच आठवड्यात घटस्फोट, विषप्रयोग, स्मृतिभ्रंश आणि जुळी मुलं अशा चार घटना घडल्या, आणि त्यातल्या एकीचाही मला पत्ता नव्हता.

तेव्हा आम्हाला चेन्नईत येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. माझा नवरा श्रीकांत इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात मोटारींचे सुटे भाग तयार करायचा आणि मी पश्चिम मांबलमच्या आमच्या भाड्याच्या घरात भिंती मोजायची. (चार होत्या. रोज मोजून खात्री करून घ्यायची.) सांगलीत मी शाळेत शिकवत होते, दिवसभर बोलत होते. इथे माझं तोंड फक्त जेवायला उघडायचं.

तमिळ येत नव्हतं, त्यामुळे मला एक वाईट सवय लागली होती. समोरचा काहीही बोलला की मी मान डोलवून 'आमां, आमां' म्हणायची. आमां म्हणजे हो. ह्या आमांपायी दूधवाला एकदा अर्ध्या लिटरऐवजी तीन लिटर दूध घालून गेला, आणि एका अनोळखी बाईंच्या नातीच्या बारशाला मला जावं लागलं!

नाही म्हणायला खाली आमच्या घरमालकीण कमलाबाई होत्या. तंजावरकडच्या, घरात मराठी बोलणाऱ्या. त्यांची मराठी ऐकली की वाटायचं, दोनतीनशे वर्षांपूर्वीची कुणी बाई तमिळ सुरात आपल्याशी बोलतेय. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुला काय होणा?" मी घाबरले. मला काय होणार? पण 'होणा' म्हणजे 'हवं'. मला त्या क्षणी माणूस हवं होतं. मी त्यांना अक्का म्हणू लागले आणि रोज दुपारी तीन वाजता त्यांच्याकडे मालिका बघायला जाऊ लागले.

मालिका तमिळ. नियम एकच: ती चालू असताना बोलायचं नाही. संपली की अक्का डोळे पुसत तडक स्वयंपाकघरात जायच्या. त्यामुळे न कळलेले शब्द मी एका कागदावर लिहून घ्यायची आणि वर येऊन कॉम्प्युटरवर अर्थ शोधायची. त्या वर्षी मालिकेत काय चाललं होतं, तर नायिकेला सासरचे घटस्फोट द्यायला निघाले होते, नणंदेने तिच्या पायसात विष कालवलं होतं, ते पिऊन ती मरायच्या ऐवजी सगळं विसरली होती, आणि अशा अवस्थेत तिला जुळं होणार होतं. साहजिकच माझा शब्दसंग्रह 'विवागरत्तु', 'नंजु', 'मरदि' आणि 'इरट्टै' असा ह्याच क्रमाने वाढत होता. (भाजीवाल्याकडे ह्यातला एकही शब्द उपयोगी पडत नाही.)

बरं, नुसता अर्थ कळून माझं समाधान होत नसे. मास्तरीणच मी! खिरीत विष घातलं तर चवीवरून कळतं का, स्मृती गेली तर किती दिवसांनी परत येते, जुळी का होतात, नवऱ्याची सही नसताना घटस्फोट मिळतो का, सगळं मी मुळापासून वाचून काढत होते.

अशाच एका दुपारी ब्राउझरमध्ये एक चौकट उघडली. एक टूलबार फुकट बसवून मिळणार होता. त्याने इंग्रजीत अदबीने विचारलं, "आपल्या आवडीनुसार आपलं पान सजवू का?"

आठ महिन्यांत प्रथमच कुणीतरी मला माझी आवड विचारत होतं! मी गहिवरून 'होय' दाबलं. मग त्याने विचारलं, आपण काय वाचता ते लक्षात ठेवू का? होय. आपली पत्त्यांची वही बघू का? होय. पासवर्ड? घे बाबा. शेवटी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, तिच्यापुढे आधीच बरोबरची खूण होती. ती ओळ मी वाचली नाही. आमां, आमां!

पान मात्र सुरेख सजलं. वर मोगऱ्याचं चित्र, बाजूला चेन्नईचं तापमान. मी श्रीकांतला कौतुकाने दाखवणार होते, पण त्या दिवशी तो थकून आला आणि राहून गेलं.

सोमवारी सकाळी दार वाजलं. अक्कांचे यजमान गोविंदराव दारात उभे. बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय मितभाषी गृहस्थ. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि सावकाश, एकेक शब्द तोडत म्हणाले,

"मी गोविंदराव. घरमालक. खाली राहतों."

"हो, माहितीये ना काका."

"शाबास!" ते आनंदाने म्हणाले आणि गेले.

मंगळवारी पुन्हा तेच. "मी गोविंदराव. घरमालक. आज मंगळवार अहे." मला वाटलं, बिचाऱ्यांचं वय झालं. मी त्यांना हळुवारपणे म्हटलं, "हो काका, आज मंगळवारच. तुम्ही अगदी काळजी करू नका." आम्ही दोघंही एकमेकांकडे अपार करुणेने बघत राहिलो.

तिकडे अक्कांचं वेगळंच. त्या वाटीभर सार घेऊन वर आल्या, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पावम! बिचारी! पोरी, तू एकटी नाही. मी अहे." आणि श्रीकांत समोरून आला तर फणकाऱ्याने तोंड फिरवून जिना उतरून गेल्या.

"ह्यांना काय झालं?" श्रीकांतने विचारलं.

"तू चपला त्यांच्या रांगोळीवर काढल्या असशील," मी म्हटलं.

पण खरा बदल झाला होता तो श्रीकांतमध्येच. सोमवारी संध्याकाळी तो मोगऱ्याचा गजरा घेऊन आला. मंगळवारी त्याने भांडी घासली. बुधवारी म्हणाला, "आजपासून स्वयंपाक मी करतो. तू दमतेस." माझे डोळे भरून आले. फक्त एक गोष्ट चमत्कारिक होती. मी आमटी वाढली की तो म्हणायचा, "आधी तू घे."

"अरे, तू भुकेला आलायस."

"नाही, नाही, तू आधी. सगळी घे. मी बघतो."

आणि खरंच बघत बसायचा! मी आमटी ओरपायची, तो घड्याळाकडे बघायचा. किती हे प्रेम, असं मला वाटत होतं.

गुरुवारी सकाळी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. खाली बघते तर माझ्या सासूबाई! सांगलीहून एकट्या, दोन गाड्या बदलून, हातात ट्रंक, डोक्याला रुमाल. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण आई कधी मिरजेच्या पुढे एकट्या गेल्या नव्हत्या. मी धावत जिना उतरले.

"पळू नकोस!" त्या किंचाळल्या. "अशा अवस्थेत पळतात का?"

"कशा अवस्थेत?"

तेवढ्यात आवाज ऐकून अक्का बाहेर आल्या. त्यांनी आईंना आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही ह्याची आई काय? बरं झालं आलांत. तुमच्या पोराला दोन शब्द सांगा. सोन्यासारखी बायको अहे, तिला टाकायला निघाला!"

"टाकायला?" आईंच्या हातातली ट्रंक खाली पडली. "जुळी होणार असताना?"

"जुळी?" अक्का.

"जुळी?" मी.

"जुळी?" जिन्यावरून श्रीकांत. तो कामावर निघाला होता. तो पांढराफटक पडून पायरीवरच बसला. "मग... मग विष कुणासाठी?"

"हळू बोला," गोविंदराव दारातून म्हणाले, "तिला काही आठवत नाही."

मग गोविंदराव आत गेले आणि घडी घातलेला एक कागद घेऊन आले. बँकेतला माणूस, आलेली प्रत्येक ईमेल छापून फायलीला लावत असे. त्यांनी तो इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचला आणि आईंसाठी मराठीत सांगितला. 'आपली मैत्रीण वसुधा हिला सध्या पुढील विषयांत विशेष रुची आहे: घटस्फोट, विषं, स्मृतिभ्रंश, जुळी अपत्यं. आपणही तिच्या आवडींत सहभागी व्हा!'

त्या न वाचलेल्या ओळीच्या जोरावर टूलबारने माझ्या पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला हे पत्र पाठवलं होतं. माझ्या जुन्या मुख्याध्यापिकांना, दातांच्या डॉक्टरांना, सगळ्यांना! धाकटा दीर विनू ह्याने सांगलीत आईंना ते वाचून दाखवलं, आणि प्रत्येकाने त्यातून आपापल्या काळजीचा विषय उचलला होता.

मी वर धावले (आई पुन्हा किंचाळल्या) आणि माझा शब्दांचा कागद आणला. "हे बघा! हे सगळं मालिकेतलं आहे. मी तमिळ शिकत होते!"

अक्कांनी कागद वाचला. "अय्यो! हें तर गेल्या आठवड्याचं." मग त्या हसायला लागल्या, भिंतीला टेकून, पदर तोंडात धरून. गोविंदराव हसले. श्रीकांतही हसला, पण जरा उशिरा.

"म्हणजे तू तीन दिवस माझी आमटी विषारी समजत होतास?" मी विचारलं.

"नाही गं, अगदीच तसं नाही."

"आणि मी मरते का ते घड्याळ लावून बघत होतास!"

"गजरा तरी आणला ना?" तो पुटपुटला.

आई मात्र हसल्या नाहीत. वर आल्यावर त्यांनी ट्रंक उघडली. डिंकाचे लाडू, आणि त्याखाली दोन झबली, दोन टोपरी, एक पिवळं, एक हिरवं. गाडीत बसून विणलेली, शेवटच्या टोपऱ्याला अजून सुई लटकत होती. सहा वर्षं ज्या विषयावर आम्ही दोघी शब्दही काढत नव्हतो, तो असा मांडीवर येऊन पडला होता.

"आई, तसं काही नाहीये," मी कशीबशी म्हटलं.

त्यांनी झबली घडी करून परत ठेवली. "नसू दे. तू एवढी एकटी पडलीयेस, की टीव्हीवरचे शब्द कागदावर लिहून शिकतेस, हे मला कुणी कळवलं असतं का? खुशाली विचारली की तुझं आपलं, सगळं छान आहे." मग लाडू माझ्या हातावर ठेवला. "खा. डिंक कुणालाही चालतो."

मी लाडू खात रडले. त्या बारीक अक्षरातल्या ओळीला मी त्या क्षणी मनातून हात जोडले. ती वाचली असती, तर माझ्यासाठी एवढी माणसं घाबरतात हे मला कधी कळलंच नसतं.

आई दीड महिना राहिल्या. दुपारी तीनला त्या आणि अक्का शेजारी बसून मालिका बघायच्या. आईंना तमिळचा एक शब्द कळत नव्हता, पण नणंद पडद्यावर आली की दोघी एकदमच कडाकडा बोटं मोडायच्या.

विनूने फोनवर सांगितलं तसं मी टूलबार उपटून काढला. काय कळवायचं आणि काय नाही त्याच्या सगळ्या खुणा एकेक करून पुसल्या, बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. मग वाटलं, एवढ्या लोकांना घोर लावला, आता आपणच नीट खुलासा करून आभार मानावेत. बसले लिहायला. मन भरून आलेलं, त्यामुळे काही हातचं राखलं नाही. श्रीकांत आमटी आधी खिडकीतल्या कावळ्याला घालून बघायचा, गोविंदराव मालिकेत जुळी झाली तेव्हा पेपरामागे तोंड लपवून रडले, अक्का त्यांना चार दिवस 'सगळे पुरुष सारखे' म्हणून बिनमिठाचं जेवण वाढत होत्या, आईंना साखरेचं पथ्य असून निम्मे लाडू त्यांनीच संपवले, सगळं प्रेमाने सविस्तर लिहिलं. तीनदा वाचलं. पाठवलं.

सगळ्यांना. मुख्याध्यापिकांना, दातांच्या डॉक्टरांना, श्रीकांतच्या साहेबांना आणि आईंना साखरेची गोळी देणाऱ्या सांगलीच्या डॉक्टरांनासुद्धा!

आणि ह्या खेपेला दोष द्यायला टूलबारही उरला नव्हता.