हात आपटला की सोडायचं

विन्सेंट सरांचं नाव निघालं की लोक माझ्याकडे बोट दाखवतात, "ही त्यांचीच शिष्या, राज्यात ब्राँझ आणलेली!" मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, विनय. कसला डोंबलाचा विनय! लाज आहे ती, सोळा वर्षं जुनी.

सर आमच्या वेंगुर्ल्याचे. बोटीवर इंजिनखात्यात होते. एकदा बोट दुरुस्तीसाठी जपानात चार महिने अडकली, तेव्हा तिथल्या एका किडकिडीत म्हाताऱ्याने या सहा फुटी गड्याला तीनदा आडवं केलं. सर तिथल्या तिथे त्याचे चेले झाले. ज्यूडो ही एका बारक्या मास्तराने जुन्या कुस्तीतून काढलेली विद्या, हे ते कौतुकाने सांगत. "कोण लोटता तर लोटू दी. तेच्याच जोरान तेका पाड."

बोट सोडल्यावर त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये भाताच्या गवतावर ताडपत्री ताणली आणि आम्हा मुलींना गोळा केलं. पहिले दोन महिने नुसतं पडायला शिकवलं. गाव हसलं, "पडूक शिकवता? ता आमका येता!" पण जेटीवरच्या शेवाळावर माझे बाबा घसरले तेव्हा मनगट मोडलं, मी घसरले तेव्हा उठून कपडे झाडले. पकड सोसेना की ताडपत्रीवर हात आपटायचा. मग नियम एकच, सर रोज सांगायचे, "समोरच्यान हात आपटलो काय सोडूचा. तो आपलो हात तुज्या हातात देता, म्हणान तू शिकतंस."

शिरोड्याची जानकी माझी जोडीदारीण. माझ्याहून कितीतरी सरस. राज्य स्पर्धेसाठी आमच्या वजनगटात एकच मुलगी जाणार होती, आणि ती जानकीच, हे मलाही ठाऊक होतं. निवडीच्या आदल्या संध्याकाळी सरावात तिचं कोपर माझ्या पकडीत आलं. तिने हात आपटला. दोनदा. मला कळलं. स्वच्छ कळलं. तरी मी सोडलं नाही. कट्‌कन आवाज आला.

"माका कळलाच नाय," मी रडत म्हणाले. रडणं तेवढं खरं होतं.

जानकीच्या वडलांसमोर सर म्हणाले, "चूक माजी. माजा लक्ष नाय हुता." शाळेने हॉल काढून घेतला. पोरींचे हात मोडणारा मास्तर, असं नाव पडलं. मी राज्यात गेले, ब्राँझ आणलं, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागले. सरांनी घरामागच्या परड्यात तीन मुलींवर क्लास चालू ठेवला. मी मेली त्या वाटेने जायचंसुद्धा टाळत राहिले.

गेल्या महिन्यात त्यांनीच बोलावलं. परड्यात आता वीस-बावीस मुलं होती. सत्तरीचे सर स्वतः ताडपत्रीवर आडवे झाले आणि हात माझ्याकडे केला. "दाखव गो अक्षया, कोपराची पकड." मी हात धरला. त्यांनी दुसरा हात अलगद आपटला, आणि मी चटका बसल्यासारखी पकड सोडली.

"तेवाय कळला हुता ना तुका?" सर हळूच म्हणाले.

"होय, सर."

"माका ठावक आसा. जिका सांगूचा, ती थंय उभी आसा."

माडाखाली जानकी उभी होती, लेकीला क्लासमधून न्यायला आलेली. तिचा उजवा हात अजून पुरता सरळ होत नाही. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"जानकी, माका कळला हुता गो. तू दोनदा हात आपटलंस, तरी मी..."

तिने आपलं उजवं कोपर डाव्या हाताने धरलं.

"दोनदा न्हय," ती म्हणाली. "तीनदा."